आत्या प्रार्थनेत आहेत

कुपवाडहून सांगलीकडे येताना सिग्नलला माझ्यापुढे एक जोडपं स्कूटरवर थांबलं होतं. मागे बसलेल्या बाईचा पदर खांद्यावरून सुटून चाकाच्या अंगाला लोंबत होता. हिरवा दिवा लागला, स्कूटर हलणार तेवढ्यात सगळा चौक ओरडला. रिक्षावाला ओरडला, "ओ वहिनी, पदर!" शेजारच्या मोटारसायकलवरून कुणीतरी म्हणालं, "काकू, पदर, पदर बघा!" कडेला पेरू विकणारी म्हातारी तर पाटी सोडून उठून उभी राहिली. बाई दचकली, पदर ओढून घेतला, कमरेला खोचला आणि कुणाकडेही न बघता निघून गेली. रिक्षावाला गेला, मोटारसायकल गेली. मी तिथेच होतो. गाडी कधी बंद पडली तेही कळलं नव्हतं. मागून हॉर्न वाजायला लागले आणि कुणीतरी विचारलं, "काका, झोपला काय?"

मी गाडी कडेला ढकलत नेली आणि पेरूच्या पाटीशेजारी उभा राहिलो. "चक्कर आली का वो? बसा जरा सावलीला," म्हातारी म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. पण मला त्या चौकाचा राग आला होता. एका परक्या बाईचा पदर हातभर घसरला तर तिचं नावगावही ठाऊक नसलेली माणसं जिवाच्या आकांताने ओरडतात. आणि माझ्या आत्याचा पदर सातारच्या चर्चमध्ये, दुसऱ्या बाकावर, जन्मभराच्या ओळखीच्या माणसांत डोक्यावरून खाली आला, तेव्हा सगळे पाय न वाजवता तिच्याजवळून बाहेर गेले. ती माणसं वाईट असती तर बरं झालं असतं. वाईट माणसांवर रागावता तरी येतं. तीच माणसं आज भाड्याची गाडी करून तिला बघायला साताऱ्याहून सांगलीला निघाली होती. उंब्रजला चहाला थांबलोय, असा चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या हरिबाचा फोनही येऊन गेला होता. म्हणून तर मी फौंड्रीतून लवकर सुटून दवाखान्यात चाललो होतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, तबीथा. बायबलातली तबीथा गोरगरीब विधवांना कपडे शिवून द्यायची. आजोबांनी ते नाव ठेवलं म्हणून ही शिवण शिकली, की हिचा हात बघून देवानेच आजोबांना नाव सुचवलं, यावर आमच्या घरात दोन मतं होती. दुसरं मत तिचं स्वतःचं. आता ती चौऱ्याऐंशीची आहे. आई गेली तेव्हा मी पहिलीत होतो आणि वडील पलटणीत होते, तेव्हा ती वाईहून आली, माझी ट्रंक भरली आणि मला घेऊन गेली. वाईच्या एका जुन्या दवाखान्यात ती कपड्यांच्या खोलीवर होती. दवाखान्याच्या साऱ्या चादरी, खोळा, ऑपरेशनचे झगे तिच्या ताब्यात. खोलीत साबणाचा, इस्त्रीचा आणि उन्हात वाळलेल्या सुताचा वास असायचा, आणि मी धुतलेल्या चादरींच्या ढिगावर बसून गृहपाठ करायचो. चादर घडी करण्याआधी ती तिची दुमड बोटांनी चाचपायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, डोळे दुसरीकडेच. कुठे टाका सुटला असेल तर बोटं थांबायची. पुढे बदली होऊन ती साताऱ्याला आली, निवृत्त झाली, पण ती सवय राहिली. आमच्या लग्नात तिने रेश्माच्या शालूचा काठसुद्धा तसाच चाचपला होता. माझी बायको अजून म्हणते, आत्यांनी मला नाही, माझ्या शालूला पास केलं.

आणि ती प्रार्थना करायची. असं म्हटलं की लोकांना वाटतं, म्हातारी माणसं करतातच. आत्याचं तसं नव्हतं. चर्चची घंटा चुकेल पण आत्या चुकायची नाही, असं सातारची मंडळी म्हणत. पाऊस असो, ताप असो, चुलत्याची मयत असो. उपासना संपली, पाळकांनी आशीर्वाद दिला, सगळे उठले, की ही बसून राहायची. पुढच्या बाकाच्या पाठीला कपाळ टेकून, डोक्यावर पदर, आणखी किती तरी वेळ. मी एकदा चिडून विचारलं होतं की इतका वेळ सगळ्यांबरोबर प्रार्थनाच केली ना, आता परत काय? ती म्हणाली, "उपासनेत देव लय गर्दीत असतो रं जयू. सगळे गेल्यावर जरा निवांत गाठ पडती." मला देवाचा पत्ता तेव्हाही लागला नव्हता आणि नंतरही नाही. तिने त्यावरून मला कधी बोल लावला नाही. तुझ्या वाटचं मी बोलते, एवढंच म्हणायची, दुधाचा रतीब शेजारणीनं घेऊन ठेवावा तसं.

त्या प्रार्थनेचा एक नियम होता आणि तो आम्हा दोघांतच होता. मी लहान, आईवाचून नवीन, तिच्या पायात पायात करणारा. ती डोळे मिटून बसली की मला भीती वाटायची, कारण आईही शेवटी डोळे मिटूनच होती. मी तिला हलवायचो. ओरडली नाही ती. तिने मला समोर बसवलं आणि सांगितलं, "हे बघ. डोईवर पदर हाय तवर मी देवाची. घराला आग लागली तरी हाक मारायची न्हाई. आन् पदर खांद्यावर आला की मी तुझी. तवा काय बोलायचं ते बोल." मग मी समोर बसून पदराकडे बघत राहायचो. प्रार्थना संपली की तिचा डावा हात वर यायचा, पदराचा काठ धरायचा आणि तो हळूच खांद्यावर आणून ठेवायचा. मी विचारायचो, "संपली?" ती म्हणायची, "संपली. बोल आता." रोज सकाळ-संध्याकाळ. एकदा चुलीवर दूध होतं. ते वर आलं, मी बघितलं, पदर डोक्यावर होता. दूध उतू गेलं, चूल विझली, धूर झाला, आणि मी हाताची घडी घालून पदराकडे बघत बसलो. पदर खाली आल्यावर म्हटलं, "दूध गेलं." ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मला जवळ घेऊन म्हणाली, "असा राखणदार मिळाय नशीब लागतं." त्या दिवशी आम्ही कोरा चहा प्यालो.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी कापणीचा सण होता. शेतातलं, परसातलं, हातचं, जे काही असेल ते आणून देवापुढे ठेवायचं आणि उपासनेनंतर चर्चच्या पडवीत त्याचा लिलाव करायचा, असा तो सण. ऊस, भोपळे, भुईमुगाच्या शेंगा, पाय बांधलेली कोंबडी, कुणाचं लोणचं. बोली लावताना हसणं-खिदळणं असतं, एकमेकांना चिडवणं असतं, दहा रुपयांच्या भोपळ्यासाठी सख्खे भाऊ इरेला पेटतात. आत्याने दरवर्षीप्रमाणे उशांच्या खोळा नेल्या होत्या. आशीर्वाद झाला, मंडळी उठली आणि आत्या बसून राहिली. यात कुणाला काही नवीन नव्हतं. शेजारून जाणाऱ्यांनी चपला हातात घेतल्या. गप्पा मारणाऱ्यांना हरिबाने दारातच दटावलं, "गपा की. आत्या प्रार्थनेत हाईत." बाहेर लिलाव सुरू झाला. आत्याच्या खोळांवर सगळ्यांत जोराची बोली झाली आणि वाईच्या पाहुण्यांनी त्या घेतल्या. ती संपल्यावर कुणीतरी दारातून आत तोंड घालून हसत सांगितलं, "आत्या, तुमच्या खोळा गेल्या बरं का वाईला!" आत्या काही बोलली नाही. मग चहा झाला. मग पांगापांग झाली. हरिबा किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिला, कारण ती उठल्याशिवाय कुलूप घालायचं नाही असा त्याचा बापाच्या वेळेपासूनचा रिवाज. ऊन पडवीतून सरकून भिंतीवर चढलं तेव्हा कुठे त्याला चैन पडेना, आणि त्याने मला फोन केला. तिला हात लावायचा धीर त्याला झाला नव्हता. सांगलीत असलेल्या मला फोन करणं त्याला त्याहून सोपं वाटलं. "सायेब, आत्याबाई उठंनात वो. हाक मारली तर वळून बी बघंनात." मी म्हटलं, हरिबा, हलव तिला. तो म्हणाला, "मी कसा हलवू?" मी फोनवर किंचाळलो. मग जुडगा खाली पडल्याचा आवाज आला, त्याची धावती पावलं ऐकू आली, आणि मग त्याचं रडणं.

मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, सुरुवात कधी झाली, शेवटचं त्यांना ठीक कुणी बघितलं? वेळेत आणलं असतं तर एक इंजेक्शन असतं, ते देता आलं असतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटच्या गीताला त्या उभ्या होत्या, एवढं पाळक खात्रीने म्हणाले. त्यानंतरचं कुणालाच सांगता येईना. सगळ्यांनी तिला बघितलं होतं आणि सगळ्यांना ती ठीकच दिसली होती. मी नंतर तिला सांगलीला आणलं, आमच्या घराजवळ, पण आगीतून काढलेलं माणूस फुफाट्यात ठेवावं तसंच ते झालं. इथल्या डॉक्टरांनी विचारलंही नाही. आता विचारून काय करायचं, असं त्यांच्या तोंडावर होतं.

इंजेक्शन हुकलं याचं मी कसंतरी करून पोटात घातलं असतं. चौऱ्याऐंशी वय आहे, या वयात काही ना काही होतंच, अशी वाक्यं माणसाला पाठ असतात. मला झोपू देत नव्हतं ते निराळंच. साताऱ्याच्या दवाखान्यात, पहिल्याच दिवशी, राणीबाई मला व्हरांड्यात बाजूला घेऊन गेल्या. राणीबाईंना आत्यानेच शिवण शिकवली. नवरा गेल्यावर शाळेचे गणवेश शिवून त्यांनी दोन मुलींची लग्नं केली, ती आत्याच्या जुन्या मशिनवर. रडून त्यांचे डोळे सुजले होते, आणि मला काहीतरी चांगलं सांगावं म्हणून त्या सांगत होत्या. "आमी कुणी आत्यांना एकलं सोडलं न्हाई बघा. जाताना बघितलं तर पदर खांद्यावर आलता. म्हटलं, उघड्या डोक्यानं कशा बसल्यात प्रार्थनेत, त्यांना कसं चाललं? घातला नीट डोक्यावर. मग चहाच्या आधी पिशवी इसरली म्हनून आत गेले, तर पुन्यांदा खाली. परत घातला. लय हळू घातला, बोट सुदिक लागू दिलं न्हाई. त्यांची प्रार्थना मोडाय नगं." त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, "बरं केलंत."

तेव्हापासून मी एकाच ठिकाणी अडकलो आहे. पदर घसरला होता, की तिने ओढला होता? सणाचं म्हणून ती रेशमी लुगडं नेसली होती आणि रेशीम घसरतंच. एका बाजूचं अंग लुळं पडलं, खांदा कलला, की त्यावरून कापड आपोआप खाली येणारच. हे मी स्वतःला इतक्या वेळा समजावलं आहे की वकील झालो असतो तर केस जिंकलो असतो. पण तिची डावी बाजू चांगली होती. डावा हात चालत होता. आणि तोंडातून शब्द निघेना, मान वळेना, तेव्हा अख्ख्या जगात बोलायची जी एक खूण तिच्या हातात उरली होती, ती तिने केली असेल तर? केली असेल आणि ती समजणारा एकच माणूस कुपवाडात रविवारची जादा पाळी करत असेल तर? मग ती कपाळ टेकून तिथे जागी होती. तिने चपला हातात घेतलेली माणसं ऐकली. तिने लिलाव ऐकला, आपल्या खोळा वाईला गेल्याचं ऐकलं. 'आत्या प्रार्थनेत हाईत' हे ऐकलं. तिने पदर खाली ओढला, आणि कुणीतरी जिव्हाळ्याने येऊन तो परत वर घातला. तिने सगळं बळ एकवटून तो पुन्हा ओढला. याच्या पुढे मला विचार करता येत नाही आणि न करताही येत नाही. जेवताना घास तोंडात फिरत राहतो. फौंड्रीत कास्टिंगवर हातोडी मारून आवाज ऐकायचा, चीर असेल तर आवाज बद्द येतो, हे माझं काम. हल्ली मला सगळेच आवाज बद्द येतात. रेश्मा विचारते, तुम्हाला नक्की काय खातंय? तिला काय सांगू? पदर म्हटलं तर तिला काय कळणार, आणि कळलं तर ती तरी कशी झोपणार?

मी डॉक्टरांना विचारलं होतं, की त्या वेळी तिला कळत असेल का? ते म्हणाले, असू शकतं, नसूही शकतं. आता कळतं का? काही दिवस जातील, तेव्हा अंदाज येईल. डोळे बहुतेक मिटलेले असतात. डावा हात हलतो, पण सिस्टर म्हणतात तो उगाच हलतो. उगाच नाही, हे मला माहीत आहे. ती चादरीची दुमड चाचपत असते, एका टोकापासून हात पोचेल तिथपर्यंत. पण ते तर हात स्वतःच करू शकतो, झोपेतसुद्धा. इतक्या वर्षांत तो हात तेवढं शिकला असणार. परवा दुपारी तिच्याजवळ कुणी नव्हतं तेव्हा मी खिशातला रुमाल काढला. डोक्यावर घालावा आणि बघावं, असं मनात आलं. रुमाल तिच्या कपाळापर्यंत नेला आणि परत खिशात ठेवला. तिने तो ओढला असता तर मला सगळं कळलं असतं. नसता ओढला तर काहीच कळलं नसतं, ती आता इतकी गेली आहे एवढंच कळलं असतं. मला यांतलं काहीच नको होतं. लहानपणी मी असाच तिच्यासमोर बसायचो, पण तेव्हा पदर खाली येणार याची खात्री होती.

तिचं आयुष्य आठवायला गेलो की मला वाट बघणारी बाईच दिसते. वाईला असताना दवाखान्यातल्या एका कंपाउंडरने तिला मागणी घातली होती. नाव उदयसिंह, घरचा ऊस, घाटावरच्या देवळांत जाणारा माणूस, पण हिच्यासाठी चर्चमध्ये लग्न करायला तयार. वडील मला हे हसून सांगायचे. आत्या म्हणाली, देवाला विचारून सांगते. आणि विचारत राहिली. ऊस तुटून गेला, परत लावला, परत तुटला. शेवटी त्याच्या घरच्यांनी त्याचं उरकून टाकलं. मी मोठा झाल्यावर तिला धीर करून विचारलं, देवाने नाही म्हटलं का गं? ती मशिनवर होती. पाय न थांबवता म्हणाली, "न्हाई कुठं म्हटलं? उत्तरच आलं न्हाई. यील अजून." ती हे हसण्यावारी नेत होती की खरंच म्हणत होती, ते मला आजही सांगता येणार नाही. पुढे त्याच्या नातीच्या बारशाला तिने दुपटं शिवून पाठवलं. सातारच्या चर्चमध्ये ज्याचा म्हणून बाप्तिस्मा झाला त्याचं झबलं तिच्या मशिनवर झालं, आणि जो म्हणून गेला त्याच्या पेटीचं पांढरं अस्तरही. दोन्हींची शिवण ती सारखीच बारीक घालायची. अस्तराच्या आत कोण बघणार आहे, असं म्हटलं की चिडायची.

पेरूवालीने मला एक पेरू कापून दिला, मीठ लावून. पैसे घेईना. "म्हातारं मानूस हाय का कोन दवाखान्यात?" तिने विचारलं. तिला कसं कळलं कुणास ठाऊक; दवाखान्याच्या रस्त्यावर बसणाऱ्यांना कळत असेल. मी म्हटलं, आत्या आहे. "व्हय का. आत्या म्हंजी आईच की," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं. पण गाडी सुरू झाली.

मंडळी माझ्याआधीच पोचली होती. पाळक होते, राणीबाई होत्या, हरिबा दाराला पाठ लावून उभा होता, चर्चमध्ये उभा राहतो तसा, आणि आणखी दोघी-तिघी. उशाशी कुणीतरी उसाची कांडी ठेवली होती, ती बघून सिस्टर वैतागली होती. हरिबा माझ्याकडे बघेना. तो आधीच बारीक, आता नुसती हाडं उरली होती. "जेवतोस का नाही?" मी विचारलं. "जेवतो की," तो म्हणाला आणि भिंतीकडे बघायला लागला. राणीबाई आत्याचा हात हातात घेऊन तिला गावातलं सगळं सांगत होत्या, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नातू झाला, आणि मध्येच, "ऐकताय नव्हं आत्या?" आत्याचे डोळे मिटलेले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, बिनदुमडीचा, कडेचे दोरे निघालेला.

"प्रार्थना करू या," पाळक म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. राणीबाई थांबल्या. "आत्यांचं डोकं उघडं हाय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, आणि पिशवीतून पांढरा धुतलेला रुमाल काढून त्यांनी तो उलगडला, आत्याच्या पांढऱ्या केसांवर घातला, दोन्ही बाजूंनी नीट केला. बोट लागू न देता. मी पुढे होऊन थांबवायला हवं होतं. मी पलंगाचा कठडा धरून उभा राहिलो. सगळ्यांचे डोळे मिटले. "हे आमच्या स्वर्गीय पित्या," पाळकांनी सुरू केलं, "तुझी ही लेक जन्मभर तुझ्या पायाशी बसली..." मी डोळे मिटत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांनी मला केव्हाच माफ केलं आहे. मी रुमालाकडे बघत होतो. चादरीवर आत्याचा डावा हात दुमड चाचपत होता. तो थांबला.

हात वर यायला फार वेळ लागला. छातीपर्यंत आला, पडला, परत उचलला. बोटं गालाशी आली, कानाशी आली, रुमालाचा काठ शोधत राहिली. पाळक तिच्या सेवेबद्दल देवाचे उपकार मानत होते. बोटांना काठ सापडला. तो त्यांनी क्षणभर चाचपला, शिवण कशी आहे बघावं तसा, आणि मग रुमाल ओढला. फेकला नाही, बाजूलाही टाकला नाही. डोक्यावरून हळूहळू खाली आणला आणि डाव्या खांद्यावर ठेवला, जिथे तो कायम यायचा तिथेच. मग तिने डोळे उघडले. मिटलेल्या डोळ्यांच्या त्या माणसांवरून तिची नजर एकेकाच्या तोंडावर थांबत फिरली, आणि माझ्यापाशी येऊन राहिली.

मला कळलं. इतके दिवस जे कळू नये म्हणून मी जिवाचं रान केलं ते सगळं एकदम कळलं. ती जागी होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत जागी होती.

राणीबाईंनी पापणी किंचित उघडून पाहिलं असावं. डोळे पूर्ण न उघडताच त्यांचा हात मायेने खांद्यावरच्या रुमालाकडे गेला. मी तो मनगटात धरला. त्यांनी चपापून माझ्याकडे बघितलं. "आवं, प्रार्थना चालू हाय," त्या कुजबुजल्या. मी म्हटलं, "ती प्रार्थनेत नाही." त्यांना कळलं नाही. मग त्यांनी रुमालाकडे बघितलं, रुमालाचा काठ अजून घट्ट धरून असलेल्या त्या हाताकडे बघितलं, आत्याच्या उघड्या डोळ्यांकडे बघितलं. माझ्या मुठीतलं त्यांचं मनगट थंड पडत गेलं. "म्हंजी... तवा बी?" त्यांनी विचारलं. मला खोटं बोलता आलं असतं. रेशीम घसरतं, हे वाक्य तोंडात तयार होतं. माझ्याने ते बोलवलं नाही. राणीबाई मटकन खाली बसल्या आणि त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला. पाळकांचा आवाज अडखळला, पण डोळे उघडले नाहीत. दारापाशी हरिबा हात जोडून उभा होता, ओठ हलवत.

आत्या माझी वाट बघत होती. मी वाकलो, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि लहानपणी विचारायचो तसं विचारलं, "संपली?" तिचा हात रुमाल सोडून माझ्या शर्टाच्या बाहीवर आला. बोटांनी बाहीची दुमड पकडली. "संपली ना," मी म्हटलं, "बोल आता. आत्या, मी आलोय. बोल आता." तिचे ओठ एका बाजूला हलले. घशातून काहीतरी आलं, तो शब्द नव्हता. तिला पाणी हवं होतं, की कूस बदलून हवी होती, की हे सगळे जायला हवे होते, की एवढ्या वेळात तू होतास कुठे असं विचारायचं होतं, मला कळलं नाही. मी एकेक विचारत गेलो. पाणी? दुखतंय? घरी जायचंय? पदर खांद्यावर आला की तिचं आणि माझं बोलणं सुरू व्हायचं, एवढंच आमच्यात ठरलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि बाही सोडेना.